ओळखीच्या गोव्यात पीअर सपोर्टर होताना

गोव्यात बसमध्ये शेजारी बसलेल्याला दोन प्रश्न विचारले की तिसऱ्याला ओळख निघते. गाव कुठलं, वाडा कुठला, आणि मग "म्हणजे अमक्याच्या घराकडे?" एरवी ही गंमत आहे. पीअर सपोर्टरचं काम घेतलंत की मात्र हीच ओळख रोज आडवी येते. मी सात वर्षं हे काम करते आहे. शिकवणीत मिळालेल्या कागदांत या अडचणीबद्दल एक ओळही नव्हती, कारण ते कागद मोठ्या शहरांसाठी लिहिलेले होते. शहरात भेट संपली की दोन माणसं गर्दीत हरवून जातात. डिचोली, पेडणे, सत्तरीत तसं होत नाही. चवथीच्या बाजारात, कुणाच्या तरी लग्नात, नाहीतर मतदानाच्या रांगेत ती पुन्हा समोर येतातच.

पीअर सपोर्टर म्हणजे स्वतः मानसिक आजारातून गेलेला, आता सावरलेला आणि त्याच वाटेवरच्या दुसऱ्याला सोबत करणारा माणूस. पुण्या-ठाण्याच्या स्वमदत गटांत आजार असलेल्याला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. हे शब्द मला आवडतात, म्हणून इथे तेच वापरते. कल्पना जुनीच आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात प्युसाँ नावाचा व्यवस्थापक बऱ्या झालेल्या रुग्णांनाच सेवक म्हणून नेमायचा. दारू सोडणाऱ्यांची अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस १९३५ पासून याच पायावर उभी आहे, आणि पुण्याच्या मुक्तांगणात व्यसनातून बाहेर आलेली माणसं नव्यांना हात देतात.

लोक समुपदेशकाला आणि पीअर सपोर्टरला एकच समजतात, तो घोळ आधीच निस्तरते. पर्वरीच्या 'संगाथ'ने गोव्याच्या आरोग्य केंद्रांतून साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून समुपदेशक बनवलं, त्याचे निष्कर्ष २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि जगभर गाजले. ते समुपदेशक आणि आपण वेगळे. त्यांना ठरावीक पद्धतीने, ठरावीक भेटींत उपचार द्यायला शिकवलेलं असतं आणि त्यांना स्वतःला आजार झालेला असावा अशी अट नसते. आपली तर तीच एक पात्रता. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' म्हणून मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, परिचारिका, समाजकार्यकर्ते वगैरे येतात, आपण येत नाही. तेव्हा व्हिजिटिंग कार्डावर 'कौन्सिलर' छापू नका. नातेवाईक कौतुकाने तसं म्हणतील, त्यांनाही दुरुस्त करा.

१. अर्ज करण्याआधी घरात बोला

हे काम घेतलंत की तुमचा आजार जाहीर होणार. आज नाही तर सहा महिन्यांनी. तुम्ही कुठे कामाला लागलात हे वाड्यावर कळेल, आणि "तिथे कशी काय लागली?" याचं उत्तर लोक आपापसांत शोधतील. माझी स्वतःची तयारी होती. धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं, तिची होती की नाही हे मी विचारलंच नाही. ते आधी विचारायला हवं होतं. घरच्यांची परवानगी घ्या असं म्हणत नाही. पण लोकांनी विचारलं तर आई काय सांगणार, भाऊ काय सांगणार, एवढं एकदा जेवणाच्या टेबलावर ठरवून घ्या.

दुसरं म्हणजे स्वतःची प्रकृती. किती महिने बरे असलात म्हणजे पुरे, याचा नियम नाही. मी एवढंच बघते: दुसऱ्याच्या तोंडून वॉर्डातल्या रात्रीचं वर्णन ऐकल्यावर मला त्या रात्री झोप लागते का? लागत नसेल तर थोडं थांबा. आधी एखाद्या स्वमदत गटात नुसतं जाऊन बसा.

तिसरी अडचण खास आपली. गोवा लहान, मनोविकारतज्ज्ञ मोजके. ज्यांच्यासमोर काल पेशंट म्हणून बसलात, त्यांच्याच टीमच्या मीटिंगला आज बसावं लागू शकतं. शक्य असेल तर स्वतःच्या उपचारासाठी दुसरा डॉक्टर बघा. नसेल तर त्याच डॉक्टरांशी स्पष्ट बोलून घ्या, की माझी फाइल आणि माझं काम वेगळं राहील आणि मीटिंगमध्ये माझ्या गोळ्यांचा विषय निघणार नाही. माझे डॉक्टर मला वीस वर्षांची असल्यापासून "अगं" म्हणतात, अजूनही म्हणतात. त्याचं मला काही वाटत नाही. मीटिंगमध्ये माझं मत चुकलं तेव्हा "तुझी झोप होते ना?" असं विचारलं, ते मात्र लागलं. मी तसं सांगितलं, त्यांनी ऐकलं.

२. कामाचं पत्र घ्या

तोंडी बोलीवर लागू नका. पत्रात हे हवं: आठवड्याचे तास, मानधन, प्रवासखर्च, एका वेळी जास्तीत जास्त किती शुभार्थी, आणि तुमचं ऐकून घेणारा सुपरवायझर कोण. मानधनाबद्दल लाजू नका. "अनुभव आहे, सेवा म्हणून करा" असं म्हणणाऱ्यांना त्यांच्या अकाउंटंटनेही सेवा म्हणूनच हिशेब लिहावेत असं वाटत नाही.

पहिल्या जागी मला पीअर म्हणून घेतलं आणि वर्षभर फायली लावायला, चहा सांगायला ठेवलं. १० ऑक्टोबरला, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी, तेवढं स्टेजवर उभं करायचे: "आता ही तिची गोष्ट सांगेल." टाळ्या पडायच्या, फोटो निघायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा फायली. अशी चिन्हं दिसली तर तीन महिन्यांत तोंड उघडा. मी वर्ष घालवलं.

३. आपली गोष्ट तीन भागांत वाटून घ्या

एक वही घ्या. पहिल्या पानावर लिहा, काय कुणालाही सांगेन. दुसऱ्यावर, काय क्वचित, समोरच्याला उपयोग असेल तरच सांगेन. तिसऱ्यावर, काय सांगणार नाही. तिसरं पान रिकामं ठेवू नका. त्यात निदान दोन गोष्टी सगळ्यांच्याच असायला हव्यात. एक, आपल्या औषधांची नावं आणि डोस, कारण ऐकणारा लगेच आपल्या पाकिटाशी ताडून बघतो. दुसरी, आपल्या घरच्या माणसांची गुपितं, कारण ती आपली नाहीत.

मग पहिल्या पानावरचं दोन मिनिटांत सांगायचा सराव करा. घड्याळ लावून. माझ्या पहिल्याच महिन्यात कॉलेजात शिकणारी एक मुलगी आली. तिने "मला सकाळी उठवतच नाही" म्हटलं आणि मी सुरू झाले. तासाभरात चाळीस मिनिटं मीच बोलले. जाताना ती माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "ताई, तुमकां खूब सोंसचें पडलें." धीर मी द्यायचा होता, देऊन गेली ती. परत आली नाही.

आपली गोष्ट सांगायची वेळ कोणती? समोरचा "हे फक्त मलाच होतं" या टोकाला आला की. तेव्हा "मलाही सहा महिने दात घासणं डोंगराएवढं वाटायचं" एवढं एक वाक्य पुरतं. लगेच चेंडू त्याच्याकडे: "तुझं कसं असतं?"

४. पहिली भेट: कुठे, आणि कोण म्हणून

संस्थेच्या खोलीत भेट होत असेल तर प्रश्न नाही. बाहेर भेटायचं असेल तर शुभार्थीच्या तालुक्यात भेटू नका. पेडण्याच्या माणसाला म्हापशात, डिचोलीच्याला पणजीत. पाटोवरचं मध्यवर्ती ग्रंथालय, कांपालच्या बागेतले बाक, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार या माझ्या आवडत्या जागा आहेत. बाजारात चालता चालता बोलणं सोपं जातं, नजरेला नजर द्यावी लागत नाही, आणि मध्ये हळसांड्यांचा (गोव्याच्या चवळीचा) भाव विचारला की अवघड शांतताही भरून निघते. हॉटेलात जायचं तर आत, भिंतीकडची जागा. स्त्री-पुरुष अशी जोडी असेल तर आपल्याकडे लोक काय बोलतात ते सांगायला नको. शक्य तिथे स्त्रीला स्त्री, पुरुषाला पुरुष सोबती द्यायला संस्थेला सांगा.

पहिल्या दहा मिनिटांत एक प्रश्न विचाराच: "आपल्याला कुणी ओळखीचं भेटलं तर मी तुझी कोण?" उत्तर त्याने किंवा तिने द्यायचं. कुणी म्हणतं मैत्रीण, कुणी कॉलेजची सीनियर, कुणी म्हणतं तुम्ही मला ओळखतच नाही. जे ठरेल ते वहीत नको, डोक्यात ठेवा. हा प्रश्न विचारल्यावर बहुतेकांचे खांदे खाली येतात, मी स्वतः पाहिलं आहे.

गुपित कुठवर राखणार तेही तेव्हाच सांगा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं. पण जिवाला धोका दिसला तर मी सुपरवायझरला सांगणारच, हे आधीच स्पष्ट करा. नंतर सांगितलंत तर फसवल्यासारखं होतं.

५. सोबत म्हणजे करायचं काय

नवे लोक इथे अडकतात. त्यांना वाटतं खोल काहीतरी बोलायला हवं. माझ्या कामाचा अर्धा भाग कदंबाच्या बसमध्ये जातो. आठ महिने घराबाहेर न पडलेल्या माणसाबरोबर नाक्यापर्यंत, मग बसस्टॉपपर्यंत, मग एक स्टॉप पुढे. बांबोळीला पहिल्यांदा आयपीएचबीच्या, म्हणजे सरकारी मानसोपचार रुग्णालयाच्या, ओपीडीत जाताना रांगेत शेजारी बसणं. (गोवा मेडिकल कॉलेजही बांबोळीतच असल्याचा एक फायदा: "बांबोळीला जाऊन आलो" म्हटलं की गुडघ्यासाठी की डोक्यासाठी, ते ऐकणाऱ्याला कळत नाही.) डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्यायला मदत करणं, आणि आत गेल्यावर आपण गप्प बसणं. बँकेत, पंचायतीत, पुन्हा कामावर रुजू होण्याच्या पहिल्या दिवशी सोबत जाणं.

कागदपत्रांची माहिती मात्र पाठ असू द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार ही दिव्यांगता धरली आहे. ती मोजायला आयडियाज ही मोजपट्टी वापरतात आणि ४० टक्के किंवा जास्त भरली तर बऱ्याच सवलतींचं दार उघडतं. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून दिव्यांगांना दरमहा मदत मिळते. शुभार्थीला दाखला नको असेल तर मात्र आग्रह धरू नका. त्या कार्डाची लाज काहींना आजारापेक्षा मोठी असते, आणि ते कार्ड घ्यायचं की नाही हा त्यांचा निर्णय.

औषधांबद्दल आपण सल्ला द्यायचा नाही. कुठली गोळी चांगली, कुठली कमी करावी, हा विषय डॉक्टरांचा. पण कधी घाई करावी एवढं कळलं पाहिजे. उदाहरणार्थ लिथियम, बायपोलर आजारात देतात ते औषध. उन्हाळ्याचा घाम, जुलाब-उलट्या, कडक उपास यांनी अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं त्याचं प्रमाण वाढू शकतं. हात जास्त थरथरायला लागले, तोल जाऊ लागला, बोलणं जड झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे, पुढच्या तारखेची वाट बघत नाही.

आणि झोप. बायपोलर आजारात (मन कधी उन्मादात, कधी खोल उदासीत जातं तो) जागरण हे उन्मादाचं एक मोठं निमित्त. आपल्याकडे तर जत्रा, काला, दशावतार सगळं रात्रभर. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेला धोंड (व्रत पाळून होमकुंडातून चालणारा भक्त) म्हणून जाणाऱ्या एकाला मी सोबत करत होते. "जाऊ नकोस" म्हणणं सोपं होतं. वडील धोंड, आजोबा धोंड, त्याने कसं न जावं? आम्ही दोघांनी बसून आखलं: व्रताच्या दिवसांत काय खाणं-पिणं, ते डॉक्टरांना आधी दाखवायचं, गोळीची वेळ चुकवायची नाही, आधीच्या दोन रात्री पुरती झोप, नंतरचे दोन दिवस कामावर रजा, आणि बरोबरच्या चुलत भावाला कानात सांगून ठेवायचं की हा फार बडबड करायला लागला तर घरी न्या. तो गेला, होमकुंडातून चालून आला, दोन दिवस झोपला.

६. घरचे, देऊळ आणि घाडी

आजार आला की आपल्याकडे आधी देवळात कौल घेतात, मग घाडी (भूतबाधा उतरवणारा), मग कुणीतरी सांगितलं म्हणून डॉक्टर. यावर भाषण देऊ नका. माझ्याही आईने तीन नारळ दिले होते आणि त्या नारळांनी तिला त्या रात्री झोप लागली, मला नाही. मी घरच्यांना एवढंच म्हणते, गाऱ्हाणं घाला, पण गोळी बंद करू नका. पाच घरांत मिळून एखाद्या घरी वाद होतो. मारणं, बांधून ठेवणं, धुरी देणं असं काही दिसलं तर मात्र आदर बाजूला. साखळीने बांधायला कायद्यात बंदी आहे. तुम्ही एकट्याने भांडू नका, संस्थेला त्याच दिवशी कळवा.

"लगीन केलें म्हणटकच बरें जातलें" हे वाक्य तुम्ही महिन्यातून एकदा ऐकाल. उत्तर द्यायचं नाही. शुभार्थीला एकट्याला गाठून विचारायचं, "तुला काय वाटतं?" कित्येकदा त्याला हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारलेला असतो.

शुभंकर तुम्हाला हेर बनवायला बघतील: "तो तुमच्याशी काय बोलतो?" प्रेमापोटीच विचारतात. "त्यालाच विचारू या, तो असताना" असं म्हणा. आणि आंबे, नारळ, कोकम घरी आणून देतील ते नाकारता येत नाहीत. गोव्यात मानकुराद आंबा परत करणं म्हणजे भांडण. मी ते ऑफिसच्या टेबलावर ठेवते, सगळे खातात. पैसे मात्र घ्यायचे नाहीत, द्यायचे नाहीत, शंभर रुपयेसुद्धा.

७. जिवाचं बोलणं निघालं तर

"सगळं संपवावंसं वाटतं" असं किंवा त्याच्या आसपासचं काही ऐकलंत तर विषय बदलू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का? काही ठरवलं आहेस का?" विचारल्याने मनात नसलेला विचार येत नाही. उलट कुणीतरी घाबरलं नाही याने माणूस मोकळा होतो. ठरवलेलं असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही. तिथूनच सुपरवायझरला फोन, गरज पडली तर १०८. घरातली औषधं आणि इतर धोक्याच्या वस्तू दुसऱ्या कुणाच्या ताब्यात. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तो शुभार्थीच्या मोबाइलमध्ये तुमच्यासमोर सेव्ह करून घ्या, वेळ येण्याआधी.

पोलिसांच्या भीतीने घरचे लपवतात. त्यांना सांगा की मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे, जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याच्यावर खटला-शिक्षा नाही, आणि त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य आहे.

अशा दिवसानंतर तुम्ही घरी एकटे जाऊ नका. आधी सुपरवायझरबरोबर अर्धा तास बसा.

८. नोंदी

थोडक्यात लिहा. शुभार्थीला वाचून दाखवता येणार नाही असं वाक्य लिहू नका. गावाचं, वाड्याचं नाव टाळा. 'सत्तरीतला अमुक वयाचा, दुबईहून परतलेला' एवढ्यावर माणूस ओळखणारे आपल्याकडे ऑफिसात दोघे तरी निघतात.

९. स्वतःची तब्येत

कामाचा मोबाइल नंबर वेगळा ठेवा आणि रात्री आठला बंद करा. माझी पहिली खूण म्हणजे मी पहाटे चारला उठून कपाट लावायला घेते. ही खूण सुपरवायझरला, घरी नवऱ्याला आणि एका सहकारी मैत्रिणीला लिहून दिलेली आहे. तिघांपैकी कुणीही म्हणालं "कपाट लावतेस वाटतं?" की मी डॉक्टरांची वेळ घेते, वाद घालत नाही. घालते थोडा. दोन वर्षांपूर्वी पाच आठवडे रजेवर होते. परत आल्यावर एका शुभार्थीने विचारलं, "तुम्हालाही पुन्हा झालं?" हो म्हटलं. त्यानंतर तो माझ्याशी जास्त बोलायला लागला.

१०. निरोप

सोबत कधी संपणार ते सुरुवातीलाच ठरवा आणि शेवटाच्या तीन भेटी आधी त्याची आठवण करून द्या. शेवटच्या भेटीत पुन्हा तोच प्रश्न, "यापुढे कुठे दिसलो तर मी कोण?"

मागच्या पावसात रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत, जिच्याबरोबर मी आठ महिने चालले होते ती सासूबरोबर उभी होती. कडेवर मूल. आमचं ठरलं होतं, ओळखत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मुलाला पाण्यातलं काहीतरी दाखवायला लागली. मी मोबाइल काढला. फेरी लागल्यावर गर्दीत सासूचा मला धक्का लागला, ती म्हणाली, "लागलें मगे बाय?" मी म्हटलं, "ना गे मांय, बरें आसा."